हरणाबाईंचा सोमवार

३ नोव्हेंबर, सोमवार. सातारा

आज सकाळी नऊला सॉफ्टवेअरच्या धंद्याची सुरुवात केली. धंदा म्हणजे मागच्या खोलीत एक टेबल, त्यावर लॅपटॉप, आणि दाराला पूजाने लावलेला निळा पडदा. नारळ फोडला नाही. पूजा म्हणाली, पहिलं काम येऊ दे, मग फोडू.

वही नवीन आहे, म्हणून स्वतःची ओळख लिहून ठेवतो. हवालदार सयाजी रांजणे, फौजेची सिग्नल्स म्हणजे संदेशवहन शाखा. चोवीस वर्षं नोकरी करून ऑगस्टअखेर निवृत्त. वय त्रेचाळीस. गाव मेढ्याच्या वरच्या अंगाला, राहायला गोडोलीत. बायको पूजा, आरोग्यसेविका. शेवटची सहा वर्षं मी युनिटच्या कॉम्प्युटर सेक्शनला होतो. तिथेच पत्राद्वारे बीसीए केलं, बर्फात बसून परीक्षेचा अभ्यास केला. युनिटमध्ये सुट्ट्यांचा जो प्रोग्रॅम आज चालतो तो मी लिहिलेला आहे. हे लिहायला लाज कसली?

दिवसभरात फोन एक आला. ज्ञानूचा. आम्ही एकाच दिवशी भरती झालो, तो दोन वर्षं आधी सुटला आणि आता बँकेत गार्ड आहे. म्हणाला, "गार्डच्या जागा निघाल्यात गड्या. माजी सैनिकांचा कोटा हाय. तीस तारखेच्या आत फॉर्म भर. खुर्चीत बसायचं, बंदूक मांडीवर, टेन्शन न्हाई."

मी म्हटलं बघतो. बघणार नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

चार दिवस पायी फिरलो. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, खिशात शंभर कार्डं. पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत दुकानं, क्लास, दवाखाने. एका क्लासवाल्याने विचारलं, "कंपनी कुठली तुमची?" मी म्हटलं, मीच. तो म्हणाला, "म्हणजे कंपनी नाही."

एका नव्या शोरूममध्ये फाइल घेऊन आत शिरलो तर काउंटरवरची मुलगी मला बोलूच देईना. "काका, गार्डची जागा भरली कालच."

मी कार्ड तिच्या पुढ्यात ठेवलं आणि बाहेर आलो. चिडलो नाही. म्हणजे चिडलो. कार्डावर 'सॉफ्टवेअर' शब्द जरा मोठा छापायला हवा होता.

पूजाने रात्री विचारलं, "दुकानात गेल्यावर तुम्ही काय बोलता?" मी पूर्ण म्हणून दाखवलं. चार मिनिटं लागतात. ती म्हणाली, "आणि ते काय बोलतात?" मी म्हटलं, त्यांना बोलायला वेळ कुठे असतो. ती हसली. का ते कळलं नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

परदेशी कामं मिळतात त्या वेबसाइटवर नाव नोंदवून दोन आठवडे झाले. बत्तीस जणांना अर्ज लिहिले. उत्तर शून्य. तिथे विशी-बाविशीची पोरं पाच-पाच तारे मिरवत बसलेली. माझ्या नावापुढे एकही नाही.

आई गावाहून आली. बनुबाई रांजणे म्हणजे आमच्या घरचा सीओ, कमांडिंग ऑफिसर. पडदा बाजूला करून दहा मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "सकाळधरनं बघतीया. ह्यो पेटीकडं बघतो, पेटी ह्येच्याकडं बघती. ह्येला काम म्हंत्यात व्हय?"

मी समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आणि बाहेर जाऊन पूजाला म्हणाली, "तब्येत बरी हाय न्हवं त्याची?"

३० नोव्हेंबर, रविवार

गार्डच्या फॉर्मची शेवटची तारीख आज. ज्ञानूने सकाळी आणि दुपारी फोन केला. दुपारी मी उचललाच नाही.

फॉर्म भरला नाही. पाच वाजेपर्यंत टेबलापाशी बसून होतो. पाच वाजून गेल्यावर बाहेर येऊन पूजाला सांगितलं. ती कपडे घडी घालत होती. म्हणाली, "बरं झालं. आता चहा घ्या." एवढंच. मला वाटलं होतं ती काहीतरी बोलेल.

पहिल्यांदा पोस्टवर एकट्याला सोडलं होतं तेव्हा वाटलं होतं तसंच आज वाटत होतं.

९ डिसेंबर, मंगळवार

काम आलं!

पाचगणीच्या अलीकडे हंबीररावांचं स्ट्रॉबेरीचं शेत आहे. पर्यटक कधीही, कितीही येतात, रोपं तुडवतात. हंबीररावांना वेळ ठरवून लोक सोडायचे आहेत. फोन करून म्हणाले, "रांजणे ना? तुमच्या मंडळी आमच्या गावात शिबिराला आलेल्या, त्यांच्याशी बोलणं झालं. त्यांनी सगळं विचारून घेतलं, कागदावर लिहून बी नेलं."

त्या बोलण्यात पूजाचं नाव निघालं असेल, पण माझा अंदाज असा की पोवई नाक्यावर वाटलेलं एखादं कार्ड फिरत फिरत पाचगणीला पोचलं. मेहनत वाया जात नाही.

पूजाने तो कागद दिला. गर्दी केव्हा होते, कोण आधी सांगून येतं, हंबीररावांना मोबाइलवर काय जमतं आणि काय जमत नाही, सगळं लिहिलेलं. मला त्याचा थोडाफार उपयोग झाला.

नारळ फोडला.

२३ डिसेंबर, मंगळवार

हंबीररावांचा प्रोग्रॅम आज सुरू झाला. मी शेताच्या फाटकाशी उभा होतो. ठाण्याच्या एका कुटुंबाने मोबाइल दाखवला, हंबीररावांनी आपल्या मोबाइलवर पाहिलं, फाटक उघडलं. बास. एवढंच झालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते थंडीचं असावं.

६ जानेवारी, मंगळवार. सांगली

आजचा दिवस मोठा. विश्रामबागेत एका ट्रस्टचं डायलिसिस केंद्र आहे. दहा मशीन, शेहेचाळीस पेशंट. कुणी आठवड्यातून दोनदा येतं, कुणी तीनदा, चार-चार तास मशीनला. कोणाचा नंबर कधी, हे सगळं एका जाड रजिस्टरात पेन्सिलने लिहिलेलं. खोडून खोडून पानांना भोकं पडायला आलेली. पेशंट विसरतात, चुकीच्या दिवशी येतात, परत जातात. हे सगळं नीट लावून देणारा माणूस त्यांना हवा होता.

केंद्र सांभाळते स्वप्नाली चौगुले, तिशीची, बोलायला चटपटीत. ट्रस्टी वर्धमान मगदूम. हळदीचे व्यापारी, सत्तरीचे, सगळे त्यांना आण्णा म्हणतात. त्यांनी माझं चार मिनिटांचं बोलणं दीड मिनिटात थांबवलं. "ते राहू दे ओ. हे मशीनवर पडलेत ना, त्यांना भेटलाय का तुम्ही? नाही? मग आधी तिकडं जावा. संध्याकाळी मला सांगा काय दिसलं."

चार तास वॉर्डात बसलो. संध्याकाळी सांगायला गेलो तर ते जेवायला उठले होते. सूर्य मावळायच्या आत जेवतात, मग पाणीसुद्धा नाही. मला म्हणाले, "चला, दोन घास खावा आणि बोला." ताटावर बसून बोललो. काम मिळालं.

या केंद्राला माझा पत्ता कसा लागला ते विचारायचं राहिलं. नेटवर माझं प्रोफाइल पाहिलं असणार. स्वप्नाली निघताना म्हणाली, "पूजाताईंना नमस्कार सांगा. साताऱ्याला ट्रेनिंगला आम्ही एका खोलीत होतो." जग लहान आहे.

१८ जानेवारी, रविवार

प्रोग्रॅम आकाराला येतोय. आदल्या संध्याकाळी पेशंटला मेसेज जाणार: उद्या अमुक वाजता या.

मागच्या आठवड्यात पूजाने जेवताना विचारलं, "मेसेज वाचायला येतो का सगळ्यांना?"

मी स्वप्नालीला फोन करून विचारलं. निम्म्याहून अधिक जणांना येत नाही. तेव्हा मी निर्णय घेतला की मेसेजऐवजी आवाजाचा फोन जाईल. कॉम्प्युटरच फोन लावेल आणि आधी भरून ठेवलेला आवाज ऐकवेल. चांगली कल्पना सुचली.

माझ्या आवाजात भरून स्वप्नालीला ऐकवलं. ती हसत सुटली. "सर, हे ऐकून पेशंट सावधानमध्ये उभे राहतील. यायचे नाहीत."

मग पूजाने भरलं. पंखा बंद, खिडक्या बंद, दोन रविवार. शेहेचाळीस नावं, एकेक वेगळं. ती आधी स्वप्नालीला विचारायची, ह्यांना घरी काय म्हणतात? एका आजींना सगळे हरणाबाई म्हणतात, कागदावर नाव दुसरंच आहे. पूजाने हरणाबाईच भरलं. "हरणाबाई, मी केंद्रातनं बोलतीया. उद्या सकाळी सात वाजता तुमचा नंबर हाय. सावकाश या, जेवून या." जेवून या हे माझ्या मजकुरात नव्हतं.

१ फेब्रुवारी, रविवार. सांगली

रजिस्टर बंद झालं. स्वप्नालीने ते कपाटात ठेवलं आणि म्हणाली, "सर, सवय लागायला वेळ लागेल. सकाळी आल्या आल्या मी सगळी नावं मोठ्याने वाचायचे. कोण आलं, कोण राहिलं, लगेच कळायचं." मी म्हटलं, आता ते स्क्रीन सांगेल.

पहिल्या दिवशी एकही पेशंट चुकला नाही. एकही नाही! आण्णांनी पाठीवर हात ठेवला. मी सरळ उभा राहिलो. मिशीला पीळ दिला असता, पण मिशी ठेवलेली नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार. सांगली

काल लिहिता आलं नाही. आज सकाळी लॉजच्या खोलीत बसून लिहितोय. झालं तसं, क्रमाने लिहितो.

काल मंगळवार. सकाळी साताऱ्याला घरी टेबलापाशी होतो. मागच्या काही दिवसांच्या नोंदी सहज चाळत होतो, कुणी सांगितलं म्हणून नाही. सव्वाअकराला दिसलं की सोमवारी सकाळच्या खेपेला दहाऐवजी नऊच नावं आहेत. गैरहजर असा शेरा नाही. नावच नाही.

कोण नाही ते शोधलं. हरणाबाई. राहणार कसबे डिग्रज, वय बासष्ट. त्यांचे दिवस सोमवार आणि गुरुवार. मागच्या गुरुवारी एक मशीन बंद पडलं म्हणून स्वप्नालीने तिघांना शुक्रवारी ढकललं. एका वेळेपुरतं. माझ्या प्रोग्रॅमने त्यांचे नेहमीचे दिवस कायमचे पुसले आणि तो एक शुक्रवारच धरला. शुक्रवार झाला, आणि हरणाबाईंचा पुढचा सोमवार यादीतून गळाला. त्याच्या पुढचा गुरुवारही. त्याच्या पुढचे सगळे. त्या यादीतच नव्हत्या, म्हणून त्यांना फोन गेला नाही. आणि यादीतच नव्हत्या, म्हणून आल्या नाहीत हे स्क्रीनने सांगितलं नाही.

शुक्रवारपासून चार दिवस. डायलिसिसचा पेशंट. मला पुस्तकी माहिती होती की अंगात पाणी साठतं, ते फुप्फुसात उतरतं.

स्वप्नालीला फोन केला. ती म्हणाली, "मला वाटलं गावाला गेल्या असतील. थांबा, लावते." हरणाबाईंचा मोबाइल बंद. पत्ता एवढाच: मळा भाग, कसबे डिग्रज. दहाच्या दहा मशीन चालू होती, तिला जागचं हलता येईना.

मग पूजाला फोन केला. ती ड्युटीवर होती. मी काय बोललो ते आठवत नाही. ती म्हणाली, "गाव पुन्हा सांगा." आणि फोन ठेवला. मी गाडीला किक मारली.

कऱ्हाड, पेठ, इस्लामपूर. उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकत, वाट काढत. खिशातला फोन वाजत होता ते हेल्मेटमध्ये ऐकू आलं नाही. आष्ट्याला पाणी प्यायला थांबलो तर पूजाचे सात फोन येऊन गेलेले. लावला. ती म्हणाली, "डिग्रजला जाऊ नका. सरळ केंद्रावर जा. त्या निघाल्यात."

दोन वाजून वीस मिनिटांनी केंद्रात पोचलो. हरणाबाई मशीनला होत्या. पाय सुजलेले, तोंडाला ऑक्सिजन, पण डोळे उघडे. बाजूला स्टुलावर डिग्रजच्या आशा सेविका बसल्या होत्या, बयाबाई. पूजाने कुणाकुणाला फोन करत अर्ध्या तासात त्यांना गाठलं होतं. बयाबाईंनी मला सगळं सांगितलं. त्यांच्याच शब्दांत लिहितो.

"म्या गेले तर ही भिताडाला टेकून बसल्याली. आडवं झालं की दम लागायचा म्हनून रातभर बसूनच. पोरगा टोळीसंगं ऊसतोडीला, मोबाइल चार्जच न्हाई. म्हनलं, चल, केंद्रात चल. तर ही म्हनती, माजा फोन आला न्हाई. फोन आल्याबिगर माजा नंबर न्हाई. जाऊन माघारी पाठवत्यात, दुसऱ्याची जागा कशापाय अडवू? लय समजावलं. ऐकंना. मग तुमच्या मंडळींस्नी फोन लावला आन् हिच्या कानाला दिला. त्या म्हनल्या, हरणाबाई, मी केंद्रातनं बोलतीया. आज आत्ता तुमचा नंबर हाय. सावकाश उठा. तवा ही उठली बघा. मला म्हनती, आला की गं फोन. आधी का न्हाई आला?"

हे ऐकून मी बाहेर व्हरांड्यात गेलो आणि काही वेळ पार्किंगमधल्या गाड्या बघत उभा राहिलो.

डॉक्टर म्हणाले, आज आल्या म्हणून निभावलं. गुरुवारपर्यंत थांबल्या असत्या तर सांगता आलं नसतं. गुरुवारीही फोन जाणारच नव्हता, हे डॉक्टरांना माहीत नव्हतं.

चारला आण्णा आले. स्वप्नालीने सांगितलं की हरणाबाई सोमवारी आल्या नव्हत्या. आण्णा म्हणाले, "पेशंट असंच करतात. दोन दिवस बरं वाटलं की दांडी. आल्या न्हवं आता? झालं तर." आणि पुढच्या खाटेकडे वळले.

कुणालाच माहीत नव्हतं. स्वप्नालीलासुद्धा नीट कळलं नव्हतं. प्रोग्रॅममध्ये दोन ओळी दुरुस्त केल्या की विषय संपला असता. हे माझ्या मनात आलं. साधारण अर्धा मिनिट राहिलं. लिहून ठेवतो कारण ते आलं होतं.

मग म्हणालो, "आण्णा, त्यांनी दांडी नाही मारली. चूक माझी आहे." आणि लॅपटॉप उघडून दाखवलं.

ते रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एकच विचारलं, "अजून किती जण?"

शुक्रवारी ढकललेले उरलेले दोघे. त्यांचे नेहमीचे दिवस मंगळवार आणि गुरुवार, दोघांचाही काल दुपारचा नंबर गळाला होता. स्वप्नालीने त्यांना बोलावलं, ते सांगलीतलेच, अर्ध्या तासात आले. शेहेचाळीसच्या शेहेचाळीस नावं मी आणि स्वप्नालीने जुन्या रजिस्टराशी ताडून पाहिली. बाकी बरोबर होती.

आण्णा उठताना म्हणाले, "शनिवारी पेशंटच्या घरच्यांना बोलावतो. काय झालं ते सांगायचं. मी नाही सांगणार. तुम्ही."

काम जाणार. यात शंका नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. सातारा

चूक दुरुस्त केली, सतरा प्रकारे तपासली. आता एखादा पेशंट यादीतून निघाला तर प्रोग्रॅम आधी ओरडतो. हे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

ज्ञानूला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू उद्या जानारच?" म्हटलं, जाणार. "मग इस्त्रीचा शर्ट घालून जा," म्हणाला.

२१ फेब्रुवारी, शनिवार. सांगली

तीसेक माणसं जमली होती. काही पेशंटही होते. आण्णा मागच्या ओळीत बसले, पुढे आलेच नाहीत. मी उभा राहून सांगितलं. चार मिनिटं नाही, दोनच लागली. काय चुकलं, कोणाचं चुकलं, हरणाबाईंच्या जिवावर कसं आलं होतं. कॉम्प्युटरने चूक केली असं म्हटलं नाही. मी केली असं म्हटलं.

एक गृहस्थ उठले. त्यांचे वडील पेशंट आहेत. म्हणाले, "तुमच्या प्रयोगाला आमची माणसं कशाला? रजिस्टर चांगलं होतं. बंद करा हे फोन-बिन." दोघा-तिघांनी मान हलवली. मी म्हटलं, तुमचं बरोबर आहे.

स्वप्नाली उठली. "जागा रिकामी दिसली तेव्हा मी विचारायला हवं होतं. मी पण नाही विचारलं."

तेवढ्यात पुढच्या खुर्चीतून आवाज आला, "फोन बंद करायचा न्हाई."

हरणाबाई. डोक्यावरचा पदर नीट करून त्या उभ्या राहिल्या, बयाबाईंचा हात धरून.

"ह्यो बाबा चुकला. मी बी बसून राह्यले येड्यावानी. पर फोन बंद करायचा न्हाई. माजा पोरगा सा म्हैनं टोळीवर. मालक जाऊन धा वर्सं झाली. आठवड्यातनं दोनदा ती बाई माजं नाव घेती, जेवून या म्हनती. दुसरं कोन म्हनतंय मला जेवून ये?" मग त्या गृहस्थांकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या वडलांस्नी घरात तुमी हाय. तुमी नगा घेऊ फोन. माजा चालू ठेवा."

ते गृहस्थ खाली बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "आमचाही राहू दे."

आण्णा मागून उठले. रजिस्टर पुन्हा सुरू, फोनही चालू, आणि स्वप्नालीने रोज सकाळी नावं मोठ्याने वाचायची. मला म्हणाले, "रांजणे, दर महिन्याला इथं यायचं आणि स्वतः बघायचं. वर्षभराचं काम तुमच्याकडं." एवढं बोलून त्यांनी खिडकीकडे पाहिलं, सूर्य कुठवर आलाय ते, आणि जेवायला निघाले.

मला आज स्वतःचा अभिमान वाटला. फाटकाशी वाटला होता तसा नाही. तो प्रोग्रॅम चालला म्हणून होता. आज चालला नाही, तरी मी उभा राहू शकलो.

५ मार्च, गुरुवार. सातारा

आज पूजाला घेऊन सांगलीला गेलो. केंद्रातल्या बायकांनी निरोपावर निरोप पाठवले होते, फोनवरची बाई दाखवा म्हणून. तिने रजा टाकली. केंद्रात शिरताच ती नुसती "नमस्कार" म्हणाली आणि सकाळच्या खेपेच्या सगळ्या माना एकदम वळल्या. हरणाबाईंना मशीनवरून उठता येत नव्हतं. त्यांनी मोकळा हात पुढे केला, पूजाचा हनुवटीपासून कानापर्यंत चेहरा चाचपला आणि म्हणाल्या, "लय बारीक हाय की गं तू. आवाजानं मला थोराड वाटली हुतीस."

मी बाजूला उभा होतो. तीन तासांत माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. स्वप्नालीने पूजाला विचारलं, "तेव्हा मी म्हटलं नव्हतं ताई, की तुम्ही सांगितलंय म्हणजे माणूस चांगलाच असणार?" पूजा म्हणाली, "गप गं." आणि माझ्याकडे बघून दुसऱ्या विषयावर गेली.

घरी आल्यावर ही वही सुरुवातीपासून वाचली. हंबीररावांचं काम माझ्या कार्डाने आलं नव्हतं. सांगलीचं काम प्रोफाइल बघून आलं नव्हतं. आवाजाची कल्पना मला सुचली नव्हती. डिग्रजला वेळेवर मी पोचलो नव्हतो. ह्या सगळ्या ठिकाणी मी 'मी' लिहिलं आहे. खोडणार नाही, पण खाली दुरुस्ती म्हणून लिहितो: तिथे पूजाचं नाव वाचावं.

तिलाही वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मला माहीत होतं. तुम्हाला कधी कळतं ते बघत होते."

आज केंद्रात मिरजेच्या एक डॉक्टर बाई आल्या होत्या. लहान मुलांचा दवाखाना आहे, लसीच्या तारखा आया विसरतात. त्यांना असंच काम हवंय. मला म्हणाल्या, प्रोग्रॅम तुमचा, पण आवाज ह्यांचाच पाहिजे. मी पूजाकडे पाहिलं. तिने डॉक्टरांना सांगितलं, "आवाज देईन. पण आधी दोन दिवस मी तुमच्या दवाखान्यात बसणार, त्या आयांशी बोलणार. मग हे लिहायला घेतील. त्याआधी एक ओळसुद्धा नाही."

डॉक्टर बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "आमच्याकडे असंच करतात."

सोमवारी मिरज.